अष्टमी. रंग टिकला.

माझे गुडघे गेले ते अष्टमी गावाच्या मागच्या डोंगरात. डॉक्टर वयाला दोष देतात, नवरा वजनाला देतो, पण मला पक्कं ठाऊक आहे. पाच पावसाळे मी तो डोंगर चढले-उतरले, आणि ज्या फुलासाठी चढले ते फूल तिथे नव्हतंच. ही गोष्ट मी कुणाला नीट सांगितलेली नाही. कॉलेजात कुणी विचारलं तर ‘पीएचडी राहून गेली’ एवढंच म्हणायचे, आणि विचारणारा ‘संसारात होतं असं बायकांचं’ म्हणून मान डोलवायचा. माझ्या संसाराचा यात काडीचाही दोष नव्हता.

तेव्हा मी रोह्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते. रेल्वे रोह्यापर्यंत आली होती, पुढे कोकणात अजून सरकली नव्हती. आम्ही राहायला कुंडलिका नदीचा पूल ओलांडून अष्टमीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरा कंपनीत, शिफ्टवर. मी कॉलेजला निघायचे तेव्हा तो झोपलेला असायचा आणि मी परत यायचे तेव्हा तो डबा भरत असायचा. आमचं पटायचं, ते बहुधा म्हणूनच.

या विषयाची गोडी मला पेणच्या माझ्या सरांनी लावली. सर अबोल. वर्गात शिकवायचं म्हणून बोलत, एरवी मान हलवून भागवत. पावसाळ्यात आम्हाला घेऊन खाचरांच्या बांधावर जायचे, उकिडवे बसायचे आणि बोटाने दाखवायचे. सीतेची आसवं मी नीट पाहिली ती अशाच एका बांधावर. तशी ती आपल्याकडे सगळ्यांनीच पाहिलेली असतात. श्रावण-भाद्रपदात भाताच्या बांधावर आणि कातळावरच्या ओल्या शेवाळात ही निळीजांभळी, नखाएवढी फुलं बारीक दांड्यावर उभी असतात. खाली पान म्हणावं असं काही दिसत नाही. सर एक रोप मातीसकट उचलून पाण्यात हलक्या हाताने धुवायचे आणि लेन्स आमच्याकडे द्यायचे. मुळांच्या जागी नुसते पांढरे धागे, आणि धाग्यांना मोहरीहून कितीतरी बारीक पिशव्या. ओल्या मातीतला सूक्ष्म किडा पिशवीच्या दाराशी आला की दार आतल्या बाजूला उघडतं, किडा पाण्याबरोबर आत ओढला जातो आणि तिथेच जिरतो. याच कुळातली एक वनस्पती हिमालयात आहे, तिची पानं लोणी फासल्यासारखी असतात आणि किडे वरच्या वर चिकटून मरतात. आमची कोकणातली जरा लाजरी, काय खायचं ते जमिनीखाली. ‘सर, ही श्रावण पाळत नाही का?’ असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि सर दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे.

सर निवृत्त झाले आणि दोन-तीन वर्षांत गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको, आमच्या काकू, मूळच्या पेणजवळच्या हमरापूरच्या, गणपती करणाऱ्या घरातल्या. पेणची खोली सोडून त्या भावाकडे परत गेल्या आणि कारखान्यात पुन्हा कामाला बसल्या, जणू मधली तीस वर्षं जेवायला उठल्या होत्या. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्यांच्याकडे असायची. आखणीला हात स्थिर लागतो आणि त्यांचा होता. खोली रिकामी करताना त्यांनी मला निरोप पाठवला: ह्यांची वाळवलेली गवतं हायत, रद्दीवाला घेत नाय, तू ने.

तीन गठ्ठे होते, जुन्या साडीच्या काठाने बांधलेले. वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबलेली रोपं, प्रत्येकाबरोबर सरांची छापील चिठ्ठी, तिच्यावर गाव, तारीख, जमीन कसली, उंची किती. सरांचं काम म्हणजे काम. तिसऱ्या गठ्ठ्यात, दोन घड्यांच्या मध्ये, एक छोटी घडी निघाली. तिच्यात छापील चिठ्ठी नव्हती. वहीच्या पानाचा एक फाडलेला तुकडा होता आणि त्यावर मराठीत एवढंच: ‘अष्टमी. रंग टिकला.’

त्याखाली सीतेच्या आसवांचा एक दांडा होता, आणि दांड्यावर दोन फुलं. ती फुलं गुलाबी होती.

यात काय एवढं, ते सांगायला हवं. हे फूल दाबून वाळवलं की त्याचा निळा रंग आठवड्याभरात उडतो आणि चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी काळपट उरतं. मी अशी शेकड्याने वाळवली होती, एकाचाही रंग राहिला नव्हता. ही फुलं किती वर्षांची होती कोण जाणे, कागद तर पिवळा पडून कडेने तुटत होता, तरी ती गुलाबी होती. लेन्सखाली पाहिलं तर खालच्या ओठाच्या कडेने एक बारीक तांबडी रेघ फिरलेली, टोकापासून टोकापर्यंत एकसारखी जाड. असं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. सरांनी ‘रंग टिकला’ असं मुद्दाम नोंदलं होतं. आणि ठिकाण? अष्टमी. मी राहत होते ते गाव, खिडकी उघडली की डोंगर समोर. मला तिथेच जमिनीवर बसल्या बसल्या रडू आलं, आणि हे लिहिताना आता लाज वाटते.

चिठ्ठीवर तारीख नव्हती. सरांसारखा माणूस तारीख विसरला याचं मला नवल वाटलं. नवल वाटलं आणि मी पुढे गेले.

पीएचडीसाठी माझी नोंदणी तेव्हा नुकतीच झाली होती. मार्गदर्शक मुंबईचे. ते फूल एसटीतून पावसात न्यायची माझी छाती झाली नाही, कागदाला हात लावला तरी तुकडे पडत होते. म्हणून मी त्याचं मोठं चित्र काढलं, रंगवलं, आणि चित्र घेऊन गेले. माझा हात चित्राला बरा आहे. मार्गदर्शकांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले की जात नवीन निघण्याची शक्यता आहे, पण दोन वाळक्या फुलांवर जगात कुणी विश्वास ठेवणार नाही. ताजी रोपं हवीत, पिशव्यांसकट, फळांसकट, आणि मुख्य म्हणजे बी हवं, कारण या कुळात जात ठरवताना शेवटचा शब्द बियांचा असतो. ते मिळालं तर अख्खा प्रबंध त्या एका जातीवर उभा राहील. नाही मिळालं तर पाच वर्षांनी नोंदणी रद्द. इतका साधा हिशेब होता.

परत येताना मी पेणला उतरून हमरापूरला गेले. काकूंना सांगितलं की सरांनी एक नवीन झाड शोधून ठेवलंय, मी ते पुन्हा शोधून काढणार, आणि त्याला सरांचं नाव देणार. नावाला लॅटिनमध्ये कसं शेपूट लावतात तेही सांगितलं. त्यांनी ते शेपटासकट दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाल्या, चर्चमधल्या फादरसारखं वाटतंय. मग हातातला ब्रश खाली ठेवून म्हणाल्या, “आमाला पोर नाय, बाळ नाय. ह्यांचं नाव माझ्यासंगं जायचं. झाडावर ऱ्हाईल म्हणतेस तर शोध गो बाय, काय पण करून शोध.”

मी त्यांना ते फूल दाखवलं नाही. तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला चांगलं आठवतं. शास्त्रातली वस्तू, गणपतीच्या कारखान्यातल्या बाईला वाळकं तण दाखवून काय कळणार? असं मी मनात म्हटलं होतं. सरांबरोबर तीस वर्षं काढलेल्या बाईबद्दल.

मग डोंगर सुरू झाला. पहिला पावसाळा मी आनंदाने चढले, हे कबूल करते. सकाळचं लेक्चर संपवून, पिशवीत लेन्स, चाकू, प्लास्टिकच्या डब्या, दोन पोळ्या घेऊन निघायचे. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने झुडपं धरत वर. कातळ असा निसरडा की चढताना जेवढं वर जायचे तेवढंच खाली यायचे. कातळावर पाण्याचे पातळ झिरपे, त्यात शेवाळ, शेवाळात सीतेची आसवं, हजारोंनी. सगळी निळी. मी गुडघे टेकून एकेका झिरप्यापाशी फुलं तपासायचे. संध्याकाळी घरी आले की साडी पिळून वाळत घालायची, ती सकाळपर्यंत वाळायची नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच ओली साडी नेसून पुन्हा कॉलेज. विद्यार्थिनी नाक मुरडायच्या असा मला संशय आहे.

त्या डोंगराच्या कुशीत एक आदिवासी वाडी आहे. तिथली एक बाई कंटोळी आणि कुरडू काढायला वर यायची आणि मला गुडघ्यांवर बघून थांबायची. माझ्याच वयाची असेल. पावसाळ्यात भाजी विकायची, एरवी मजुरीला जायची. दुसऱ्या वर्षी मी तिला माझं चित्र दाखवलं आणि असं फूल पाहिलंस का विचारलं. तिने चित्र हातात घेतलं, आडवं-उभं करून पाहिलं.

“ह्ये रंगवलेलं हाय,” ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, मीच रंगवलं आहे. तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं आणि सांगितलं की असलं फूल हिकडं नाय, ह्या डोंगरात जन्म गेला, असतं तर दिसलं असतं. मी तिला बरं म्हटलं आणि पुढच्या कातळाकडे वळले. तिच्या जन्मापेक्षा मला सरांच्या तीन शब्दांवर जास्त भरवसा होता. आमच्या धंद्यात कागदावर लिहिलेलं ठिकाण म्हणजे देवाचा शब्द; माणूस खोटं बोलेल, चिठ्ठी बोलणार नाही, असं आम्हाला शिकवलेलं आणि आम्ही पुढे शिकवलेलं.

तिसऱ्या वर्षी मला वाटलं, सरांनी ‘अष्टमी’ मोघम लिहिलं असेल, आसपासचा मुलूख धरून. म्हणून मी खांब गावापर्यंत गेले. हायवेच्या कडेला एसटीतून उतरायचं, खाचरं ओलांडायची, टेकड्या धुंडायच्या. तिथले शेतकरी मला सरकारी समजत आणि जमिनीची मोजणी आहे काय विचारत. किडे खाणारं फूल शोधते म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने मला चहा पाजला आणि बायकोला आत जाऊन सांगितलं की बाईच्या घरचं कोणीतरी गेलेलं दिसतंय. चौथ्या वर्षी तापाने पडले आणि ऐन हंगामातले पंधरा दिवस गेले. तोवर उत्साह संपला होता. आता सवय उरली होती. सकाळी उठलं की डोंगर दिसायचा आणि कंटाळा यायचा. एकदा तर मी अर्ध्या वाटेवर दगडावर बसून पोळ्या खाल्ल्या आणि तशीच खाली आले. घरी सांगितलं, आजही नाही मिळालं. नवरा बिचारा म्हणाला, मिळेल. त्याच्या त्या ‘मिळेल’ची मला चीड यायची.

दर श्रावणात आमचा गणपती नोंदवायला हमरापूरला जायचे. काकू लांबूनच विचारायच्या, काय गो, गावलं का? मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. त्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. मुंबईहून मूर्ती न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनाही, आमच्या ह्यांच्या नावाचं झाड येणार हाय म्हणून. त्यांच्या भावजया मला हसू दाबून खुर्ची द्यायच्या. काकूंना ते कळत नव्हतं असं नाही. त्या मान ताठ ठेवून डोळे आखत राहायच्या.

पाचव्या पावसाळ्यात मार्गदर्शकांचं पत्र आलं. मुदत संपत आली आहे. ताजी रोपं मिळत नसतील तर जुन्या दोनपैकी एक फूल उघडा, आतली रचना काढा, तेवढ्यावर काहीतरी मांडता येतं का पाहू. नाहीतर विषय बदला. वाळकं फूल उघडायचं तर आधी ते गरम पाण्यात सोडावं लागतं, मग पाकळ्या मऊ होऊन उलगडतात आणि सुईने आतले भाग वेगळे करता येतात. एकदा सोडलं की फूल संपलं. म्हणून मी पाच वर्षं त्याला हात लावला नव्हता.

दुपारचं प्रॅक्टिकल आटोपलं, मुलं गेली, आणि मी स्पिरिटचा दिवा पेटवला. वॉच ग्लासच्या काचेच्या बशीत पाणी तापवलं. चिमट्याने एक फूल सुटं केलं आणि पाण्यात सोडलं.

पाणी गुलाबी झालं. आधी फुलाच्या कडेने, मग सगळंच. फूल वळलं, उलगडलं, आणि त्याच्या अंगावरून रंग सालीसारखा सुटत गेला. ती तांबडी रेघ, जिच्यावर मी माझ्या कच्च्या वर्णनात अख्खा परिच्छेद लिहिला होता, ती एका बाजूने निघाली आणि पाण्यावर केसासारखी तरंगायला लागली. तळाशी राहिलं ते काळपट, चहाच्या चोथ्यासारखं, मी शेकड्याने वाळवलं होतं तसलंच फूल. मी रेघेचा तुकडा काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. त्यात पेशी नव्हत्या. नुसते रंगाचे कण होते. आणि गरम पाण्यातून, मूर्तीच्या रंगात कालवतात त्या सरसाचा वास येत होता. पेणला वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. श्रावणात अर्ध्या तालुक्याला तोच वास असतो.

मला काहीच वाटलं नाही. खरंच नाही. मी फूल टिपकागदावर काढलं, ते चिखल होऊन पसरलं. वॉच ग्लास बेसिनमध्ये ओतला, साबणाने धुतला, उपडा ठेवला, दिवा विझवला. घरी गेल्यावर भाताचा कुकर लावताना मात्र असा राग आला की मी सरांना मोठ्याने शिव्या दिल्या, भिंतीकडे तोंड करून. थट्टा केली होती का कुणाची? की परीक्षा? पाच वर्षं, माझे गुडघे, माझी सगळी आशा, आणि हे काय होतं? नवऱ्याने आतून विचारलं कुणाशी बोलतेस. मी म्हटलं, कुणाशी नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि उरलेलं फूल, चिठ्ठीसकट, दोन पुठ्ठ्यांत घालून हमरापूरला गेले. पाच वर्षं जे एसटीतून न्यायला भ्याले ते आता मांडीवर घेऊन बसले. मोडलं तर मोडलं.

चतुर्थीला चार दिवस होते. कारखान्यात घराघरांतले छोटे गणपती ओळीने मांडलेले, अंगरंग झालेला, सोनेरी झालेलं, डोळे तेवढे कोरे. काकू जमिनीवर मूर्ती पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मला बघून हसल्या आणि नेहमीचा प्रश्न विचारणार तोच मी पुठ्ठा उघडून पुढे केला. म्हटलं, सरांच्या गठ्ठ्यात हे मिळालं होतं. ह्याच्यासाठीच मी शोधत होते. अष्टमीत नेमकं कुठे मिळालं त्यांना, तुम्हाला काही बोलले होते का? रंगाचं मी मुद्दाम काढलं नाही.

त्यांनी ब्रश ठेवला, हात पदराला पुसले आणि पुठ्ठा मांडीवर घेतला. फुलाकडे पाहिलं. मग चिठ्ठी वाचली. चार इयत्ता शिकलेल्या, अक्षर अक्षर लावून वाचायच्या. तीन शब्द वाचायला त्यांना फार वेळ लागला.

“अष्टमीत नाय गो,” त्या म्हणाल्या. “अष्टमीला.”

मला पटकन कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता, फुलाकडे बघत. लग्नाचं पहिलं वर्ष. गोकुळाष्टमीला सर सासुरवाडीला आले होते. हमरापुरात तारीख कोण बघतो, काम तिथीवर चालतं: मुंबईचा माल तोवर गेलेला असतो, गावच्या गणपतींना अष्टमीला अंगरंग लागतो. सगळे कामात. नवा जावई एका कोपऱ्यात गप्प बसून होता, कुणाशी बोलायची सवय नाही, बायकोशीही नाही. शेवटी कंटाळून बांधावर फिरायला गेला आणि येताना एक दांडा घेऊन आला. काकूंच्या पुढ्यात ठेवला, आणि हे फूल काय खातं, कसं खातं, ते त्यांना सांगत बसला. लग्न झाल्यापासून इतकं तो पहिल्यांदा बोलला. काकूंच्या हातात अंगरंगाचा ब्रश होता. ऐकता ऐकता त्यांनी तो फुलांवर फिरवला. गुलाबी. मग आखणीचा बारीक ब्रश घेऊन मूर्तीचा ओठ आखतात तशी फुलाच्या ओठाला रेघ काढली. सर म्हणाले, वाळलं की हा रंग उडेल. काकू म्हणाल्या, नाय उडायचा, आमचा रंग टिकतो. सरांनी फूल वहीत ठेवलं. बस, एवढंच. पुढे तो विषय कधी निघाला नाही. त्यांना वाटत होतं, केव्हाच फेकलं असेल.

“टिकला असं लिवलंय ना?” त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

“मला नाय कधी बोलले.”

त्यांचे डोळे भरले होते आणि त्या पुसत नव्हत्या. मी शेजारी बसले. सरांवरचा माझा राग कुठे गेला कळलं नाही. त्यांनी शास्त्राची चिठ्ठी लिहिलीच नव्हती, मी ती शास्त्राची करून वाचली होती. ते तारीखही विसरले नव्हते. तारीखच लिहिली होती, आणि मी ती घेऊन पाच वर्षं डोंगर चढले होते. मग मी काकूंना जे सांगायचं होतं ते सांगितलं. हे साधंच फूल आहे, बांधाबांधावर उगवणारं. नवीन काही नाही. त्याला फार पूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलेलं आहे. सरांचं नाव आता कशालाच लागणार नाही, आणि माझीही पीएचडी होणार नाही. त्यांनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. त्या पुठ्ठा उजेडाकडे वळवत होत्या, बोट न लावता दांड्यावरून नजर खालीवर नेत होत्या. दांड्याच्या टोकाशी मी फूल तोडलेली जागा होती.

“दोन होती गो,” त्या म्हणाल्या. “मी दोन रंगवली होती.”

मी सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, वाळवी लागली म्हणता आलं असतं, पण माझ्यात तेवढंही त्राण नव्हतं. म्हटलं, काल उकळलं. आत काय आहे ते बघायला. रंग पाण्यात उतरला.

“ते पाणी कुठं टाकलंस?”

“बेसिनमध्ये.”

काकूंनी पुठ्ठा मिटला. मागे पडवीत त्यांची भावजय ब्रश धुतलेल्या पाण्याचा डबा घेऊन तुळशीकडे चालली होती, पावसातच, डोक्यावर गोणपाट घेऊन.

“आमी मोरीत टाकत नाय ते पाणी,” त्या अगदी हळू म्हणाल्या. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. पुठ्ठा त्यांनी स्वतःच्या मागे, भिंतीशी, ठेवला. मग आखणीचा ब्रश उचलला, समोरच्या मूर्तीच्या डोळ्यापाशी नेला, तिथे जरा वेळ धरला आणि परत वाटीत ठेवला. भावाला हाक मारून सांगितलं की आजचे डोळे उद्या करीन, हात हलतोय.